डन्स्टनबरा: बुजवलेला महादरवाजा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील क्रास्टर या मासेमारांच्या गावातून डन्स्टनबरा किल्ल्यावर जायचे, तर मेंढ्यांच्या कुरणांतून सुमारे दोन किलोमीटर चालावेच लागते. या साऱ्या वाटेवर समोर दिसत राहतात ते महादरवाज्याचे दोन भग्न बुरूज.

लँकेस्टरचा अर्ल थॉमस याने १३१३ मध्ये हे बांधकाम सुरू केले. त्याच्या आदल्याच वर्षी राजा दुसरा एडवर्ड याच्या लाडक्या गॅव्हस्टनचा शिरच्छेद घडवण्यात त्याचा पुढाकार होता, त्यामुळे चुलतभाऊ असलेल्या राजाशी त्याचे उघड वैर जडले होते. उत्तरेकडे समुद्रात उतरणारे काळ्या अग्निजन्य खडकाचे कडे असल्याने त्या बाजूला तटाची फारशी गरजच नव्हती. सारा खर्च ओतला गेला तो दक्षिणेकडच्या तीन मजली महादरवाज्यावर. राजघराण्याने वेल्समध्ये बांधलेल्या हार्लेकसारख्या किल्ल्यांची ही धाटणी एका सरदाराने उचलावी, यात संरक्षणापेक्षा ईर्षाच अधिक दिसते. आपल्याकडच्या गोमुखी बांधणीत दरवाजा लपवतात. येथे तो मिरवला आहे, आणि किल्ल्याभोवती मुद्दाम खोदलेल्या तळ्यांनी त्या दिमाखात भरच घातली असणार.

थॉमसला हे वैभव भोगता आले नाही. मार्च १३२२ मध्ये बरोब्रिजच्या लढाईत तो पकडला गेला आणि आठवड्याभरातच पाँटेफ्रॅक्ट येथे त्याचे डोके उडवले गेले.

पुढे १३८० च्या दशकात लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट याने केलेला बदल मला सर्वांत बोलका वाटतो: त्याने या महादरवाज्याचा मार्गच भिंत घालून बुजवला, त्या इमारतीचा बालेकिल्ला केला आणि शेजारी वेगळे, आडोशाचे प्रवेशद्वार बांधले. गादीसाठी लँकेस्टर व यॉर्क या घराण्यांत पेटलेल्या गुलाबांच्या युद्धांत १४६२ आणि १४६४ अशा दोन वेढ्यांनंतर किल्ला शेवटी यॉर्क पक्षाच्या हाती पडला, आणि १५३८ च्या पाहणीत तर तो पार मोडकळीस आलेला व फारसे बळ न उरलेला म्हणून नोंदला गेला.

जॉनची ती भिंत आता नाही, त्यामुळे आज थॉमसच्याच मार्गाने आत शिरता येते. आत मान वर केली की मजल्यांच्या तुळयांची रिकामी भोके आणि खालची जमीनच नाहीशी झाल्याने भिंतीत अधांतरी राहिलेल्या शेकोट्या दिसतात. खाऱ्या वाऱ्याने वालुकाश्माला इतकी छिद्रे पाडली आहेत, की कित्येक चिऱ्यांच्या मूळ कडा हाताला लागत नाहीत.