गो वॉन, डू विट

गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात मी एक छोटा प्रयोग केला. इंग्लंडच्या दक्षिण भागातील एका बाईंचे इंग्रजी वाचन मुलांना ऐकवले आणि पुस्तक बंद ठेवून, जे कानावर पडेल ते देवनागरीत लिहून काढा, असे सांगितले. स्पेलिंगची अडचण येऊ नये, एवढाच माझा हेतू होता. वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा मात्र मी बराच वेळ त्यांतच अडकून पडलो. ‘गो ऑन’चे बहुतेकांनी ‘गो वॉन’ केले होते, ‘डू इट’चे ‘डू विट’, ‘सी इट’चे ‘सी यिट’. आणि मागच्या बाकावरील एका मुलीने ‘लॉ अँड ऑर्डर’ हे शब्द ‘लॉरन ऑडर’ असे लिहिले होते. मी लाल पेन उघडले आणि पुन्हा मिटले, कारण यातले एकही उत्तर चुकीचे नव्हते. मुलांनी शब्द डोळ्यांनी पाहिले नव्हते, म्हणूनच ते त्यांना नीट ऐकू आले होते.

एक शब्द स्वराने संपतो आणि पुढचा स्वरानेच सुरू होतो, तेव्हा इंग्रजी बोलणारा माणूस सहसा मध्ये थांबत नाही. ‘सी’मधील ई उच्चारताना जीभ टाळूच्या अगदी जवळ गेलेली असते, तिथून ती पुढच्या स्वराकडे वळते तेव्हा वाटेत हलका य उमटतो. ‘माय’, ‘डे’, ‘बॉय’ या शब्दांच्या शेवटीही जीभ त्याच दिशेने वर जाते, म्हणून ‘माय आन्ट’ म्हणतानाही तोच य येतो. ‘डू’, ‘गो’, ‘नाउ’ यांच्या शेवटी ओठांचा चंबू होतो आणि तो उलगडताना व ऐकू येतो. हा य किंवा व कोणी मुद्दाम आणून बसवत नाही. आधीच्या स्वराच्या शेपटीतच तो दडलेला असतो. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल, तर बोलणारा घशात श्वास क्षणभर अडवून दोन स्वर वेगळे करतो. आपण शाळेत प्रत्येक शब्द सुटा वाचायला शिकतो, त्यामुळे असे तोडणे आपल्या बोलण्यात सवयीचे होऊन बसते आणि साधे वाक्यही उगाच ठासून सांगितल्यासारखे वाटते.

वास्तविक हे आपल्या कानाला परके नाही. ‘जाऊन’, ‘खाऊन’, ‘घेऊन’ हे शब्द कितीतरी मराठी माणसे ‘जावून’, ‘खावून’, ‘घेवून’ असे लिहितात. धातूत व असेल तरच ‘वून’ लिहायचे, म्हणजे ‘धावून’, ‘जेवून’, हा नियम मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे आणि पुढेही शिकवीन. परंतु ती चूक करणाऱ्याच्या कानाचा त्यात काही दोष नाही, कारण आ आणि ऊ यांच्यामध्ये व खरोखरच उमटतो. आपण ‘एक’ लिहितो आणि ‘येक’ म्हणतो, ‘ओठ’ लिहितो आणि ‘वोठ’ म्हणतो. जुन्या पोथ्यांत तर ‘येक’ असे लिहिलेलेही आढळते.

संस्कृतचा यण् संधी इथे कोणालाही आठवेल. इति अधिक आदी म्हणजे इत्यादी, सु अधिक आगत म्हणजे स्वागत, पितृ अधिक आज्ञा म्हणजे पित्राज्ञा. पाणिनीने ‘इको यणचि’ या तीन पदांत हे सारे बसवले आहे. य, व, र ही तीच अक्षरे इंग्रजीतही भेटावीत याचे मला फार अप्रूप वाटते, तरी दोन्ही प्रक्रिया एक मानता येत नाहीत. यण् संधीत मूळ स्वर जातो आणि त्याच्या जागी व्यंजन येते, म्हणजे तो आदेश आहे. इंग्रजीत स्वर जागचा हलत नाही, त्याच्या शेजारी ध्वनी येऊन उभा राहतो. तेव्हा त्याला आगम म्हणणेच योग्य. ‘मित्रवदागमः, शत्रुवदादेशः’, म्हणजे आगम मित्रासारखा शेजारी येतो आणि आदेश शत्रूसारखा जागा बळकावतो, हे जुने वचन या फरकासाठीच आहे.

र ची कथा मात्र निराळी आहे आणि ती इतिहासात शोधावी लागते. ‘फार’ या इंग्रजी शब्दातील र पूर्वी सगळीकडे उच्चारला जाई. पुढे लंडन आणि दक्षिण इंग्लंडमध्ये तो क्षीण होत गेला. जॉन वॉकर यांनी 1791 च्या आपल्या उच्चारकोशात याची नोंद केली आहे. व्यंजनापुढे आणि शब्दाच्या अखेरीस तो नाहीसा झाला, पण पुढे स्वर आला तर टिकला. म्हणून ‘फार’ एकटा असताना ‘फाऽ’ होतो आणि ‘फार अवे’मध्ये र परत ऐकू येतो. ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ या इंग्रजी उपपदांचेही असेच आहे: मूळ रूप न सहित होते, व्यंजनापुढे न गळला. आता ‘फाऽ’सारख्या शब्दांना स्वरापुढे र मिळतो हे कानात इतके मुरले, की ज्यांत र कधीच नव्हता त्या ‘लॉ’ आणि ‘आयडिआ’ यांनाही तो मिळू लागला आणि ‘आयडिआ ऑव्ह’चे ‘आयडिअर ऑव्ह’ झाले. जुन्या वळणाच्या शिक्षकांनी या र ला पुष्कळ नावे ठेवली, तरी इंग्लंडमध्ये तो आज सर्रास ऐकू येतो. स्कॉटलंड, आयर्लंड आणि बहुतांश अमेरिकेत मूळचा र गेलाच नाही, त्यामुळे हा नवा र तिथे सहसा आढळत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी तो ओळखावा, असे मला वाटते. त्यांनी तो उच्चारलाच पाहिजे, असा माझा आग्रह नाही.

वह्या परत देताना मी मुलांना आणखी दोन वाक्खंड ऐकवले: ‘थ्री इअर्स’ आणि ‘थ्री यिअर्स’, म्हणजे तीन कान आणि तीन वर्षे. पहिल्यातला य नुसता जिभेच्या वळणाचा, दुसऱ्यातला शब्दाचा स्वतःचा आणि म्हणून अधिक ठसठशीत. आपण दोन्ही शब्द ‘इयर’ असेच म्हणतो, त्यामुळे पहिल्या तीन वेळा वर्ग गप्प राहिला. चौथ्या वेळी ‘लॉरन ऑडर’ लिहिणाऱ्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली, “सर, दुसऱ्यात य जास्त वेळ राहतो.”