डोंबिवलीहून पालशेतला बिऱ्हाड: ट्रक, पाखाडी आणि ३१ नंबरचा खोका

गेल्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही डोंबिवलीतलं २६ वर्षांचं बिऱ्हाड उचललं आणि गुहागर तालुक्यात पालशेतजवळच्या वाडीवर, सासरच्या घरी आणलं. हे निवृत्त झाले, सासूबाईंना आता एकटं ठेवणं बरं नव्हतं, आणि घर शाकारून, वायरिंग नवीन करून तयार होतं. अडीचशेच्या वर किलोमीटरचा रस्ता निर्विघ्न पार पडला. दमवलं ते शेवटच्या दीडशे पावलांनी. आमच्या मागून कोकणात सामान घेऊन येणाऱ्यांना त्या दीडशे पावलांची कल्पना आधीच असावी, म्हणून सविस्तर लिहिते.

पॅकर्स-मूव्हर्स शोधायला आम्ही दीड महिना आधी सुरुवात केली. पहिल्याने फोनवरच भाव सांगितला. "टू बीएचके ना? १९ हजार." घर पाहिलं नाही, मजला विचारला नाही, सामानाची यादी मागितली नाही. आमच्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी असाच फोनवरचा स्वस्त भाव धरला होता. सामान गाडीत चढलं आणि मग "माल जास्त निघाला" म्हणून १४ हजार वाढवून मागितले. रात्रीचे अकरा वाजलेले, घर रिकामं, पोरं जिन्यात बसलेली. देण्यावाचून इलाज नव्हता. न बघता भाव देणाऱ्याला मी तिथेच फुली मारली, तुम्हीही मारा.

दुसरा माणूस घरी आला. त्याने माळा उघडायला लावला, पलंगाचे ड्रॉवर ओढून बघितले, बाल्कनीतल्या कुंड्या मोजल्या, लिफ्टच्या दाराची रुंदी विचारली. पॅकिंग, चढवणं, उतरवणं, १४ फुटी बंद आयशर ट्रक, सगळं मिळून ४१ हजार अधिक १८ टक्के जीएसटी. तिसरा पर्याय दिरांनी सुचवला: हापूस घेऊन वाशीच्या मार्केटला गेलेल्या गाड्या एप्रिल-मेमध्ये गावाकडे रिकाम्या परततात, त्यातली एखादी ठरवायची. हे खरोखर स्वस्त पडतं, १६ हजारांत गाडी मिळत होती. पण त्यात पॅकिंग नाही, हमाल नाहीत, आणि उघड्या हौद्यावर फक्त ताडपत्री. नवीन संसाराच्या दोन खोल्यांचं सामान असतं तर मी तीच घेतली असती. २६ वर्षांची काच, चिनीमाती आणि फ्रिज-वॉशिंग मशीन घेऊन ती हिंमत झाली नाही.

दुसऱ्याला पक्कं करण्याआधी मी चार गोष्टी तपासल्या. कोटेशनवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघितला. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि समोर येणारं नाव कोटेशनवरच्या नावाशी जुळायला हवं. मग त्याच्या गोडाऊनवर जाऊन आले. भिवंडीच्या वाटेवर होतं, आत खरोखर खोके आणि ब्लँकेट्स होती. विम्याचं विचारलं. इथे नीट लक्ष द्या. बरेच जण "रिस्क कव्हर" म्हणून सामानाच्या किमतीच्या दोन-तीन टक्के घेतात, पण ती रक्कम त्यांच्याच खिशात राहते. खरा ट्रान्झिट विमा असेल तर विमा कंपनीच्या नावाची, पॉलिसी नंबर असलेली कागदपत्रं हातात मिळतात. मी ती गाडी हलायच्या आधी मागितली आणि घेतली. चौथं म्हणजे पैसे: दहा टक्के आगाऊ, कंपनीच्या खात्यावर, चढवून झाल्यावर निम्मे, उरलेले शेवटचा खोका घरात आल्यावर. "सगळे आधी द्या" म्हणणाऱ्याला देऊ नका.

आता आमची चूक. त्या माणसाने विचारलं होतं, "तिकडे गाडी दारात लागते ना?" ह्यांनी क्षणाचाही विचार न करता "लागते" म्हणून सांगितलं. ह्यांच्या मनात लहानपणापासून 'दारात' म्हणजे देवळाजवळचा डांबरी रस्ता, जिथे एसटीतून उतरून माणसं पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली घराकडे जातात. गावातला कुठलाही माणूस तेच सांगेल, आणि त्यात खोटं बोलायचा हेतू नसतो. पण मूव्हर्सच्या हमालाला दार म्हणजे उंबरठा. दिरांना फोन केला आणि टेप घेऊन मोजायला लावलं, तेव्हा कळलं की मोरीजवळच्या (रस्त्याखालच्या छोट्या पुलाजवळच्या) वळणावर दोन्ही बाजूंच्या गडग्यांमध्ये, म्हणजे दगडी कुंपणांमध्ये, जेमतेम आठ फूट जागा आहे, वर फणसाची फांदी आणि विजेची तार. १४ फुटी आयशर तिथवर येणार, पुढे नाही. तिथून घरापर्यंत जांभ्याच्या ६२ पायऱ्या आणि खळ्यापर्यंतची (अंगणापर्यंतची) उतरती वाट.

कोटेशनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: सामान गाडीपासून ५० फुटांपर्यंत नेऊ. आम्ही ते वाचलं नव्हतं. गाडी निघायला चार दिवस होते. तडजोड अशी ठरली की त्यांचे चार हमाल पाखाडीच्या तोंडाशी सामान उतरवतील, आणि खाली न्यायला गावातले गडी आम्ही बघायचे. वाडीतले चार जण प्रत्येकी ८०० रुपये आणि जेवण यावर तयार झाले. भर हंगामात गडी मिळणं सोपं नाही, आंबा उतरवायला सगळे बागांत असतात. तुम्ही येणार असाल तर पाखाडी, पाणंद (अरुंद गल्ली), साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), कौलाची खालची वळचण, काय असेल त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून मूव्हर्सला पाठवा आणि त्यावरच भाव मागा. सगळ्यांत अरुंद जागेची रुंदी आणि सगळ्यांत खालच्या तारेची उंची कोटेशनवर लिहून घ्या.

पॅकिंगला एक पूर्ण दिवस गेला. सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि लिफ्ट वापरायची वेळ मी आठवडाभर आधी घेऊन ठेवली होती. गॅस एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून अनामत आणि ट्रान्सफरचा कागद घेतला; भरलेला सिलिंडर कुठलाही शहाणा मूव्हर गाडीत घेत नाही, आणि कुणी घेतो म्हणाला तरी देऊ नका. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, आतून कोरडा पुसला. दागिने, घराचे कागद, औषधं आणि देव आमच्या गाडीत.

सासूबाईंच्या लोणच्याच्या तीन बरण्या मात्र मी हमालांच्या हातात दिल्या नाहीत. मोठी दहा किलोची, पांढरी, खांद्याशी तपकिरी पट्टा असलेली. आत चुरगाळलेली वर्तमानपत्रं गच्च भरली, कारण पोकळ बरणीला बाहेरून बसलेला धक्का आरपार जातो. झाकण वेगळं गुंडाळलं. बाहेरून जुनी सुती नऊवारी दुपदरी करून वेढली, वर सुतळी, आणि उशांच्या खोक्यात उभी ठेवली, आडवी नाही. तिन्ही सुखरूप पोचल्या.

प्रत्येक खोक्यावर मार्करने नंबर, आतलं सामान दोन शब्दांत, आणि गावच्या घरातली खोली: पडवी, माजघर, स्वयंपाकघर, माळा. एकूण ५८ नग. यादीच्या दोन प्रती, दोन्हींवर सुपरवायझरची सही. बिल्टीवर (ट्रकवाल्याने दिलेल्या मालाच्या पावतीवर) गाडीचा नंबर, नगांची संख्या आणि पूर्ण पत्ता आहे की नाही ते बघून मगच मी दार लावलं. वापरातल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, पण वाटेत कुणी अडवलं तर ड्रायव्हरकडे ही यादी असली की बोलणं लवकर मिटतं.

ट्रक शनिवारी रात्री दहाला निघाला, आम्ही पहाटे चारला. पनवेल, पळस्पे फाटा, पेण, वडखळ असा रस्ता. इंदापूर आणि माणगाव ही दोन गावं सुट्टीच्या दिवसांत तासन्‌तास अडवून ठेवतात, म्हणून ती उजाडायच्या आत ओलांडायची असं ड्रायव्हरने आधीच सांगितलं होतं, आणि त्याचं बरोबर होतं. पोलादपूरच्या पुढे कशेडीचा बोगदा झाल्यापासून भरलेल्या गाडीला घाटाची जुनी वळणं घ्यावी लागत नाहीत. परशुराम घाट उतरला की चिपळूण, आणि तिथून हमरस्ता सोडून मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागर, साधारण ४५ किलोमीटर. दापोलीकडून येणारे दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा विचार करतात. मोटारीने यायला ती सुंदर आहे, पण बिऱ्हाडाचा ट्रक चिपळूणवरूनच आणा.

दिवस निवडताना आणखी दोन गोष्टी. जून ते सप्टेंबर टाळा. परशुराम घाटात दरडी येतात, २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कोरडा पोचलेला गादीचा कापूसही आठवड्यात ओलसर होतो. गणपतीच्या आधीच्या दिवसांत महामार्गावर जड वाहनांना बंदी असते, त्या आठवड्यात ट्रक ठरवूच नका. मला विचाराल तर नोव्हेंबर-डिसेंबर सगळ्यांत चांगला. आम्हाला मे घ्यावा लागला तो निवृत्तीच्या तारखेमुळे.

सकाळी साडेआठला ट्रक मोरीपाशी उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरून वळण बघून आला आणि म्हणाला, "काकी, याच्या पुढं नाय जाणार." ते ठरलेलंच होतं. खोके भराभर खाली गेले. गोदरेजचं कपाट मात्र सगळ्यांची परीक्षा होती. वाडीतल्या गड्यांनी आधी त्यातले खण आणि लॉकरचा ड्रॉवर काढून वेगळे दिले, दारं सुंभाने आवळून बांधली, मागच्या बाजूला गोणपाट लावून कपाट पाठीवर झोपवलं आणि दोन बांबू आडवे घातले. उंच माणूस खालच्या अंगाला, बुटका वरच्या अंगाला, म्हणजे उतारावर कपाट सपाट राहतं. पाखाडीच्या पायऱ्या एकसारख्या नसतात, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. प्रत्येक पायरीला खालचा माणूस आकडा म्हणायचा आणि मगच वरचा पाय उचलायचा. चौतिसाव्या पायरीवर त्यांनी कपाट टेकवलं, पाणी प्यायले, आणि दिरांना म्हणाले, "भाऊ, वैनीना सांगा, काळजी करू नका." शहरातल्या हमालांना ताकद कमी नव्हती, पण ही वाट पायाखालची नव्हती. पाखाडीवरून सामान न्यायचं असेल तर गावातलेच गडी घ्या, आणि मजुरी आधी बोलून ठेवा. नात्यातली, वाडीतली माणसं मदतीला येतात ती वेगळी. त्यांच्यावर वजन टाकू नये असं माझं ठाम मत आहे.

सगळं उतरल्यावर मी पडवीत बसून यादी लावली. सुपरवायझर घाई करत होता, त्याला परत निघायचं होतं. ५७ नग. ३१ नंबरचा खोका नव्हता. मी पोचपावतीवर "नग ५७ मिळाले, क्र. ३१ मिळाला नाही, टेबलाचा एक पाय चिरला" असं लिहूनच सही केली, आणि शेवटच्या हप्त्यातले तीन हजार राखून ठेवले. तो नाराज झाला, पण कागदावर नोंद नसती तर पुढे कुणी ऐकून घेतलं नसतं. कॅरेज बाय रोड कायद्याप्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते, म्हणून मी त्याच रात्री ई-मेल केला, सोबत खोक्यांचे आणि टेबलाचे फोटो. उत्तर आलं नसतं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तयारी होती.

तशी वेळ आली नाही. खोका डोंबिवलीत आमच्याच इमारतीच्या वॉचमनच्या खोलीमागे राहिला होता. चढवताना कुणीतरी बाजूला ठेवला आणि विसरला. टेबलाच्या पायाचे बाराशे रुपये त्यांनी राखलेल्या रकमेतून वळते करून घ्यायला सांगितले. आठ दिवसांनी त्यांची दुसरी गाडी चिपळूण-गुहागर फेरीवर आली, तेव्हा ह्यांनी शृंगारतळीला जाऊन खोका ताब्यात घेतला आणि उरलेले अठराशे रुपये दिले. त्यात पोळपाट-लाटणं, तवा आणि विळी होती. तोवर समोरच्या काकूंच्या पोळपाटावर पोळ्या लाटत होते. तो परत करताना त्यावर सासूबाईंनी वाटीभर लोणचं ठेवून दिलं, मोठ्या बरणीतलं, नुकतंच घातलेलं.