शटर स्पीड: सकाळ ते दुपार

"छान आहे, पण यात फोटो कुठाय?"

भिंतीवर लावलेल्या माझ्या ल्युमेन प्रिंट्ससमोर उभं राहून वर्गातल्या एकाने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच शोधत होता बिचारा. "कॅमेराच वापरला नाहीये" म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं. म्हणजे ही फोटोग्राफी नाहीच, प्रश्न मिटला!

ल्युमेन प्रिंट म्हणजे मुदत संपलेला कृष्णधवल फोटोपेपर, त्यावर ओली पानं, वर काच आणि काही तास ऊन. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) नाही, डार्करूम नाही. तरी त्या कागदावर गुलाबी, जांभळे, विटकरी रंग उमटतात. कागदावरच्या चांदीच्या क्षारांतून उन्हाने सुटी झालेली चांदी इतक्या बारीक कणांत असते की कणांच्या आकाराप्रमाणे रंग दिसतो. हायपोत (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) बुडवलं की रंग बदलतात, बरेचसे फिके पडतात. नाही बुडवलं तर उजेडात कागद काळवंडत जातो.

मी काही प्रिंट्स न बुडवताच लावल्यात. त्या रोज जरा वेगळ्या दिसतात, आणि मला तर तेच सगळ्यात आवडतंय.

यात नवं काही नाही म्हणा. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने १८४३ मध्ये समुद्री शेवाळांचे सायनोटाइप (उन्हाने उमटणारे निळे छाप) कॅमेऱ्याविनाच छापायला घेतले होते. पण आमच्या सबमिशन फॉर्मवर आजही प्रत्येक चित्रासमोर शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घेतला), अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र किती उघडं), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील) असे कॅमेऱ्याच्या सेटिंगचे रकाने आहेत. रिकामे ठेवले तर काम अपूर्ण धरतात.

शटर स्पीडमध्ये 'सकाळ ते दुपार' लिहून टाकलंय. अ‍ॅपर्चरच्या रकान्यात काय लिहू? सुचवा कुणीतरी.