ब्लॅक बुकवाल्यांनो, इकडे येण्याआधी

परळची माझी मामेबहीण सध्या ब्लॅक बुकच्या, म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या, धावपळीत आहे. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, आत सर्टिफिकेट आणि मग आभाराचं पान, त्यात प्राचार्यांपासून प्रयोगशाळेच्या शिपाईमामांपर्यंत सगळे. सप्टेंबरमध्ये ती इंग्लंडला मास्टर्सला येतेय. तिचा पहिला प्रश्न: "ताई, तिकडे बाइंडिंग कुठे करून मिळतं?"

असाइनमेंटला बाइंडिंग नसतंच गं. वर्डची फाइल अपलोड केली की झालं. बऱ्याच विद्यापीठांत त्यावर नावही टाकायचं नाही, फक्त विद्यार्थी क्रमांक, म्हणजे पेपर कुणाचा हे तपासणाऱ्याला कळत नाही. बॉर्डर, क्लिपआर्ट, रंगीत मथळे घरीच ठेव. एरियल 11 किंवा टाइम्स न्यू रोमन 12, ओळींमध्ये मोकळी जागा, पानांना क्रमांक. बाकी मॉड्यूल हँडबुकात, म्हणजे त्या विषयाच्या माहितीपुस्तिकेत, असेल तसं. शब्दमर्यादेलाही इथे धार असते. 3000 म्हणजे बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त 3300. त्यात संदर्भसूची सहसा धरत नाहीत, पण मजकुरात कंसात दिलेले संदर्भ धरतात. आपल्याकडे पानं भरली की मार्क, तो हिशेब विसर.

खरा जीव जातो तो संदर्भांत. हार्वर्ड पद्धत म्हणजे कंसात लेखकाचं आडनाव आणि साल. तिचं मूळ 1881 साली हार्वर्डच्या एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या लेखात मानतात. लेख होता बिनशंखी गोगलगाईवर! गंमत म्हणजे या पद्धतीचं एकच असं अधिकृत पुस्तक नाही. त्यामुळे स्वल्पविराम कुठे आणि तिरपी अक्षरं कशाला, हे दर विद्यापीठागणिक बदलतं. सीनियरची फाइल समोर ठेवून उतरवू नकोस, स्वतःच्या लायब्ररीची गाइड उघड. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भपद्धत) सांगितलं असेल तर काम सोपं: 2019 ची सातवी आवृत्ती, तिचे नियम ठरलेले.

टर्निटिन, म्हणजे मजकूर दुसरीकडे जुळतो का ते तपासणारं सॉफ्टवेअर, त्याच्या टक्क्यांना मात्र उगाच घाबरतात सगळे. तो आकडा चोरीचा नसतो, जुळणाऱ्या मजकुराचा असतो. अवतरणं आणि संदर्भसूचीही त्यात जुळतात. 20 टक्के दिसूनही पेपर स्वच्छ असू शकतो. उलट 8 टक्क्यांतला एक अख्खा परिच्छेद संदर्भाविना उचललेला असेल, तर बोलावणं येतं.

आणि मराठी पुस्तकं बिनधास्त वापर. एपीएत शीर्षक रोमन लिपीत लिहायचं, पुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ. सूची आडनावाच्या अकारविल्हे, आकडे न घालता. प्रत्येक नोंदीची दुसरी ओळ थोडी आत सरकलेली लागते. ती स्पेसबार दाबत बसून सरकवू नकोस, फॉण्ट बदलला की सगळं विस्कटतं. सूची सिलेक्ट कर आणि वर्डमध्ये कंट्रोल-टी दाब.