छताखालचा ढोल

परवा भर दुपारी भाचा आला आणि म्हणाला, "मामा, जुन्या गोधड्या असतील तर द्या ना, छताला लावायच्यात." बाहेर मे महिना. मला वाटलं, उकाड्याने याचं डोकं फिरलं. पण भानगड ड्रमसेटची होती. गंगापूर रोडला मित्राच्या घरी एका खोलीत हे लोक रेकॉर्डिंग करणार. छत जेमतेम ८ फूट, तेही हौसेने पीओपी करून खाली आणलेलं.

पीओपीवर माझा जुना राग आहे. चांगल्या उंच खोलीला कुणी पैसे मोजून बुटकं करतं का? वर दिव्यांसाठी भोकं पाडायची आणि म्हणायचं, खोली कशी उठून दिसते! दिसते खरी, पण ऐकवत नाही. छताखाली दोनेक फुटांवर माइक टांगला की झांजेचा आवाज आधी सरळ त्यात शिरतो, आणि तोच छतावर आपटून तीनेक मिलिसेकंदांनी पुन्हा येतो. त्या दोघांच्या भांडणात काही स्वर फुगतात, काही पार गळून जातात. शिवाय ८ फुटांच्या उंचीत साधारण ७० हर्ट्‌झचा आवाज फरशी आणि छताच्या मध्ये घुमत राहतो, आणि पायाने वाजवायचा मोठा ड्रम नेमका त्याच आसपास बोलतो. गोधडीला हे झेपत नाही. ती वरवरची चिरचिर तेवढी खाते. त्यापेक्षा चार इंची रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर, छतापासून थोडं सोडून टांगावं, माइक खाली ड्रमजवळ आणावेत. हे मी सांगितलं. भाच्याने बजेट सांगितलं. विषय संपला.

गंमत म्हणजे जुन्या नाशकातल्या आमच्या आजोळच्या माळ्यावर ८ फूटसुद्धा नव्हते. मोठी माणसं वाकूनच वावरायची. थोरले मामा गणपतीआधी तिथे ताशा तापवत बसायचे आणि आम्ही पोरं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, बोटं कानात घालून. तरी ताशा कसा सुटा, खणखणीत यायचा! वर उघड्या तुळया, भिंती मातीच्या, ओबडधोबड. कोपऱ्यात धान्याची पोती, उतरंड, मोडका पाळणा. आवाजाला सरळ उलटून यायला सपाट जागाच नव्हती. आजी मात्र खालून ओरडायची, "अरे, माती पडतेय आमटीत!" पडायचीच.

ढोलाला तर छत कधी मानवलंच नाही. टिपरू आणि थापी दोन्ही लागायचे ते चौकात, नाहीतर गोदाकाठी. केरळातल्या उत्सवांतही आपला नाशिक ढोल वाजतो, तोही रस्त्यावरच. लेड झेपेलिन या रॉक बँडवाल्यांनी इंग्लंडातल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात रेकॉर्डिंगसाठी त्यांच्या ड्रमवाल्या जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या पायथ्याशी मांडले आणि माइक वर कठड्याला टांगले होते. वाचलं तेव्हा मला आमच्या वाड्याचा चौक आठवला. तिथे आता इमारत आहे. पार्किंगसकट.

थोरल्या मामांशी बोलायचं तर हल्ली डाव्या बाजूला बसावं लागतं. उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही. डॉक्टरांनी ताशाचं नाव घेतलं तर मामा त्यांच्यावरच चिडले. भाच्याला मी कानात घालायचे बोळे घ्यायला पैसे दिले. त्याने बहुतेक त्यात झांज घेतली असणार.