दुसरी बॅटरी लावली, पण मिनिटं किती वाढली?

मला एक शॉट हवा होता. उजाडायच्या आधी ड्रोन वर न्यायचा, एका जागी उभा करायचा आणि अंधारापासून पूर्ण प्रकाश येईपर्यंत मध्ये कट न करता सलग शूट करायचं, बस एवढंच. माझा ड्रोन घरी बनवलेला आहे, १० इंची प्रॉप म्हणजे पंखे, बॅटरी सोडून वजन ६४० ग्रॅम, त्यावर ४ सेलची ३३०० एमएएच क्षमतेची लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, तिचं वजन ३२० ग्रॅम, आणि ह्यावर तो नीट २० मिनिटं होव्हर करतो, म्हणजे हवेत एका जागी उभा राहतो. मला कमीत कमी अर्धा तास पाहिजे होता. मग डोक्यात पहिला विचार तोच आला जो सगळ्यांच्या येतो, अजून एक तशीच बॅटरी लावू, ४० मिनिटं होतील.

४० नाही झाली. २४ झाली.

एवढी मेहनत करून, म्हणजे ब्रॅकेट बनवलं, जाड वायरी सोल्डर केल्या, दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडणारा पॅरलल हार्नेस केला, पट्टे लावले, आणि मिळाली ४ मिनिटं. मी तीन वेळा उडवून बघितलं, प्रत्येक वेळी २४ च्या आसपासच. मग कागद पेन घेऊन बसले तेव्हा कळलं की ड्रोनमध्ये काहीच बिघडलं नव्हतं, हिशोबच तसा आहे.

होव्हरला लागणारी पॉवर वजनाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. म्हणजे प्रॉप तेच ठेवून वजन दुप्पट केलं तर पॉवर दुप्पट नाही तर २.८ पट लागते. माझं एकूण वजन ९६० वरून १२८० ग्रॅम झालं, वर ब्रॅकेट, वायर, कनेक्टर मिळून ६० ग्रॅम, एकूण १३४०. म्हणजे वजन झालं १.४ पट आणि पॉवर जवळपास १.६५ पट. एनर्जी दुप्पट, खर्च १.६५ पट, भागाकार केला की १.२१ येतो आणि २० गुणिले १.२१ म्हणजे २४ मिनिटं. बरोबर तेच. आणि ते ६० ग्रॅम नसते तर २६ मिनिटं आली असती, म्हणजे नुसत्या ब्रॅकेट आणि वायरींनी २ मिनिटं खाल्ली! तेव्हापासून मी प्रत्येक झिप टायचं वजन करते, खरंच करते.

हाच हिशोब पुढे नेला तर अजून एक गोष्ट दिसते जी मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. जोडणीचं वजन शून्य धरलं तरी त्याच जातीच्या तीन बॅटऱ्यांवर जवळपास २८ मिनिटं येतात, चार लावल्या तर २८ च्या किंचित वर, आणि पाचवी लावली की वेळ उलट कमी व्हायला लागतो. बॅटरीचं वजन बाकीच्या ड्रोनच्या वजनाच्या दुप्पट झालं की तिथे टोक येतं, त्यापुढे प्रत्येक ग्रॅम नुकसानच करतो. आणि त्या टोकाच्या खूप आधी मोटरी तापतात, थ्रॉटल, म्हणजे मोटरींना दिलेला जोर, होव्हरलाच ७०-८० टक्क्यांवर जातो आणि वाऱ्याचा एक झोत आला तर सावरायला ताकदच उरत नाही. एकूण थ्रस्ट, म्हणजे पूर्ण जोरावर मोटरींची वर उचलायची ताकद, वजनाच्या दुप्पट तरी पाहिजे, ही मर्यादा मी कधीच ओलांडत नाही. पेट्रोलवर उडणाऱ्या यंत्राला एक मोठी सोय असते, इंधन जळत जातं तसं ते हलकं होत जातं, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी शेवटच्या मिनिटापर्यंत तेवढीच जड.

कंपनीच्या ड्रोनवर पण हेच दिसतं बरं का. डीजेआय मिनी ३ प्रो ला दोन बॅटऱ्या येतात, साधी २४५३ एमएएच आणि प्लस ३८५० एमएएच. प्लसची क्षमता ५७ टक्के जास्त आहे पण कंपनीने दिलेला वेळ ३४ वरून ४७ मिनिटं, म्हणजे ३८ टक्केच जास्त, आणि प्लस लावली की ड्रोन २५० ग्रॅमच्या वर जातो, अनेक देशांत तिथून नियम बदलतात. त्यामुळे बाहेरून जास्तीची बॅटरी चिकटवायच्या आधी आपल्या ड्रोनचं वजन कुठल्या रेषेला टेकलंय ते बघून घ्या.

आता जोडणीबद्दल, कारण इथे चूक झाली तर आग लागू शकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन्ही बॅटऱ्या पॅरललमध्येच जोडायच्या, प्लसला प्लस, मायनसला मायनस. सिरीजमध्ये जोडल्या तर व्होल्टेज दुप्पट होतं आणि ईएससी, म्हणजे मोटरींचा वेग सांभाळणारी सर्किटं, जळतात. सेलची संख्या सारखीच हवी, ४ सेलला ४ सेल. केमिस्ट्री सारखी हवी, लिपो आणि ली-आयन म्हणजे लिथियम आयन एकत्र नको. आणि जोडायच्या आधी दोन्हींचं व्होल्टेज मोजायचं, प्रत्येक वेळी, आळस न करता. समजा एक पूर्ण चार्ज आहे १६.८ व्होल्ट आणि दुसरी राहून गेली १५.३ वर, फरक दीड व्होल्ट. दोन्हींचा आतला रेझिस्टन्स आणि वायरी मिळून ३० मिलिओम धरला तर जोडल्याक्षणी एकीतून दुसरीत ५० अँपिअर धावतात, मोटर चालू नसताना, आणि तेवढ्या करंटने चार्ज व्हायला ती बॅटरी बनलेलीच नसते. मी एका सेलमागे ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर जोडतच नाही. जोडी पण एकाच वयाची ठेवते, कारण जुनीचा रेझिस्टन्स वाढलेला असतो, ती कमी करंट देते आणि सगळा भार नवीनवर येतो.

मध्ये डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, टाकून उलटा करंट अडवता येतो, मी पण विचार केला होता, पण साध्या शॉटकी डायोडवर अर्धा व्होल्ट पडतो, २० अँपिअरला १० वॅट नुसते गरम होण्यात जातात आणि त्याला हीटसिंक म्हणजे परत वजन. सोडून दिलं.

स्मार्ट, म्हणजे आपला चार्ज स्वतः मोजणाऱ्या, बॅटरीवाल्या ड्रोनला बाहेरून बॅटरी जोडत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, स्क्रीनवरचे टक्के फक्त आतल्या बॅटरीतून गेलेला करंट मोजतात. बाहेरची अर्धा भार उचलतेय तोवर टक्के हळू हळू उतरतात आणि आपण निवांत असतो, पण तिचा कनेक्टर हवेत सैल झाला तर सगळा भार एकदम आतलीवर येतो आणि ड्रोनने सांगितलेला उरलेला वेळ खोटा ठरतो. माझा तर सरळ सल्ला आहे की अशा ड्रोनला हात लावू नका, कंपनीची मोठी बॅटरी मिळत असेल तर तीच घ्या.

जागा पण महत्त्वाची. मी पहिल्यांदा दुसरी बॅटरी मागे बांधली, सोपं होतं म्हणून, तर मागच्या दोन मोटरी उतरल्यावर हात लावता येणार नाही इतक्या गरम आणि पुढच्या दोन थंड. वजनाचा मध्य चार मोटरींच्या मध्यावर आलाच पाहिजे, बोटांवर तोलून बघायचं. पोटाखाली लावली तर खालचे सेन्सर झाकले जातात, वर लावली तर जीपीएसचा अँटेना झाकला जातो. आणि जाड वायरी कंपासजवळून नेल्या तर ड्रोन होव्हरमध्ये गोल गोल भटकायला लागतो, माझं झालं तसं, मग प्लस मायनस वायरी एकमेकींना पीळ देऊन कंपासपासून लांब नेल्या तेव्हा शांत झाला. पीळ दिल्याने दोन्हींचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारतं.

तर मग अर्धा तास कसा मिळाला? दुसरी बॅटरी काढून टाकली आणि बॅटरीची जातच बदलली. लिपो भरमसाट करंट देते पण किलोमागे साधारण १५० ते २०० वॅट-अवर एनर्जीच साठवते, चांगले २१७०० मापाचे गोल ली-आयन सेल २२० ते २६० पर्यंत जातात. होव्हर करणाऱ्या ड्रोनला भरमसाट करंट लागतच नाही! मी ४२०० एमएएचचे, जास्त करंट देणारे ८ सेल घेतले, ४ सिरीज २ पॅरलल, म्हणजे दोन-दोन पॅरलल सेलच्या चार जोड्या सिरीजमध्ये, पॅक झाला ५९० ग्रॅमचा आणि १२० वॅट-अवरचा. दोन लिपो जोडणीसकट ७०० ग्रॅम होत्या आणि ९८ वॅट-अवर. म्हणजे कमी वजनात जास्त एनर्जी, आणि होव्हरला एका सेलमागे फक्त ६ अँपिअर. पहिल्याच दिवशी ३४ मिनिटं. मी जमिनीवर बसून घड्याळ बघत होते आणि तो वर उभाच होता, काय वाटलं ते सांगता येत नाही.

एक बदल विसरू नका, लो व्होल्टेजचा अलार्म. लिपोला मी सेलमागे ३.५ ला उतरवते, ली-आयन त्याच्या खाली पण बरंच काम करते, लोडखाली ३.१ ला मी परत बोलावते. जुना अलार्म तसाच ठेवला तर निम्म्या वाटेतच ओरडायला लागेल. आणि ह्या पॅकवर जोरात उड्या मारायच्या नाहीत, व्होल्टेज धाडकन पडतं. थंडीत तर अजूनच, म्हणून पहाटे पॅक जॅकेटच्या आत ठेवते आणि उडवायच्या वेळी बाहेर काढते.

अजून एक, ज्यांना एका जागी उभं राहायचं नाही त्यांच्यासाठी. मध्यम वेगाने पुढे जाताना प्रॉपला सतत नवीन न ढवळलेली हवा मिळते आणि पॉवर होव्हरपेक्षा कमी लागते, म्हणून मॅपिंगवाल्यांनी जागोजागी थांबत जाण्यापेक्षा सलग वाहत राहिलेलं बरं. आणि सलग वेळ नकोच असेल तर जास्तीची बॅटरी वर न्यायचीच कशाला, खिशात ठेवा, तीन लिपो एकेक करून उडवल्या तर मला ६० मिनिटं मिळतात, एकत्र बांधल्या तर २८ पण नाही.

शॉट मागच्या आठवड्यात झाला, ३१ मिनिटांचा, आणि ड्रोन खाली आला तेव्हा सेल ३.२५ वर होते. आता १० च्या जागी १२ इंची प्रॉप लावून बघणार आहे, मोटरी कमी केव्हीच्या, म्हणजे एका व्होल्टमागे कमी फेरे घेणाऱ्या, घ्याव्या लागतील, फ्रेमचे हात पण लांब करावे लागतील, वजन लिहून काढायला घेतलंय.