मावशींच्या चेहऱ्यावरचा उजेड

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात यंदा जुन्या नाशकात हातांनी काम करणाऱ्या माणसांवर एक विभाग करायचे ठरले आणि त्यासाठी लागणाऱ्या आठ पोर्ट्रेटची जबाबदारी माझ्याकडे आली. लेख लिहिणारी मुले वेगळी होती. माझ्याकडे विभागाचा जुना डीएसएलआर कॅमेरा, त्यासोबत आलेली १८ ते ५५ मिलिमीटरची झूम लेन्स आणि एका मैत्रिणीच्या दादाकडून मागून आणलेली ५० मिलिमीटरची लेन्स एवढे साहित्य होते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालेले हे काम फेब्रुवारीत अंक छापून येईपर्यंत चालले. त्यातला फोटो काढण्याचा भाग जेमतेम पाच सकाळींचा होता. उरलेला सगळा वेळ संगणकासमोर आणि छापखान्यात गेला.

सुरुवात पंचवटीच्या काठावर फुले विकणाऱ्या मावशींपासून केली. रामकुंडाजवळ गोदावरी दक्षिणेकडे वळते आणि पंचवटी पूर्वेच्या काठावर येते, त्यामुळे तिथे नदीकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या सकाळी पाठीवर ऊन असते आणि चेहरा सावलीत राहतो. ही गोष्ट मी इतकी वर्षे घाटावर जाऊनही कधी ध्यानात घेतली नव्हती. कॅमेऱ्याने मागचे उजळ आकाश मोजले आणि त्या हिशेबाने मावशींचा चेहरा काळवंडून टाकला. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, दीड स्टॉपने वाढवले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) तेव्हा चेहरा दिसू लागला, पण आकाश पार पांढरे झाले. शेवटी वर्गातल्या एका मुलाने थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा मावशींच्या गुडघ्यांजवळ तिरका धरला. त्यावरून परतलेला उजेड हनुवटीखाली, गालांवर आणि डोळ्यांत आला. डोळ्यांत पांढऱ्या चौकोनाचा एक बारीक ठिपका चमकला, आणि तेवढ्यानेच मघापासून थकलेला वाटणारा चेहरा जागा झाला. मावशींनी फोटोसाठी मुद्दाम हिरवीगार नऊवारी नेसली होती. निघताना त्यांनी मला एवढेच बजावले, "लुगड्याचा रंग नीट येऊ दे गं बाई, पोपटी नको यायला."

तांबट लेनमध्ये तांब्याची भांडी घडवणाऱ्या काकांचा फोटो त्याहून अवघड होता, कारण त्यांची खोली अरुंद, पुढे दार, मागे अंधार आणि मध्ये पिवळा दिवा. पहिल्या दिवशी मी झूम लेन्सच्या सर्वांत रुंद टोकाला, १८ मिलिमीटरवर, त्यांच्यापासून दोन फुटांवर बसून फोटो काढले. घरी येऊन पाहते तो नाक पुढे आलेले, कान मागे गेलेले आणि कपाळ फुगलेले. पुष्कळ जण याचा दोष लेन्सला देतात. खरे कारण अंतराचे असते. दोन फुटांवरून पाहिले तर नाक कानाच्या मानाने खूपच जवळ असते, सहा-सात फुटांवरून पाहिले तर तो फरक उरत नाही. ५० मिलिमीटरची लेन्स या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर सुमारे ७५ मिलिमीटरसारखे दृश्य देते, म्हणून चेहरा चौकटीत बसवण्यासाठी मागे सरावेच लागते. दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्याबाहेर, थेट गल्लीत उभी राहिले आणि जाणाऱ्या-येणाऱ्या दुचाक्यांना वाट देत देत फोटो काढले.

ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे उघडे तोंड, १.८ इतके मोठे ठेवले की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ येत होता, म्हणून ते लहान करून २.८वर आणले; शटरचा वेग १/१२५ सेकंद आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६००. या वेगात काकांचा चेहरा स्थिर राहिला आणि हातोडीचे टोक मात्र हलके पुसट झाले. मला तेच हवे होते. हंडा मठारताना, म्हणजे हातोडीने ठोकून घडवताना, त्यांची मान हलत नाही, नजर ठोक्यावर असते, आणि हात जणू दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा आपल्या लयीत वरखाली होत राहतो.

पिवळा दिवा आम्ही काकांची परवानगी घेऊन मालवला, कारण दाराचा निळसर प्रकाश आणि दिव्याचा पिवळा प्रकाश एकाच गालावर पडला तर नंतर कोणताही व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार केलेली रंगांची दुरुस्ती, दोघांना न्याय देत नाही. तरीही संगणकावर पाहताना काकांच्या हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला नारिंगी झाक दिसली. रंग जुळवण्यासाठी फोटोत धरलेल्या राखाडी कार्डावरून रंग बरोबर लावले होते, ते कपाळावर, शर्टावर, भिंतीवर बरोबर होते. फक्त जबडाच नारिंगी. तासभर ती झाक घालवण्याची खटपट केल्यावर लक्षात आले की ती मांडीवरच्या तांब्याच्या हंड्यावरून परतलेली आहे. ती चूक नव्हतीच. काकांनी उभा जन्म ज्या धातूसमोर काढला, त्याचाच उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडलेला होता. मी केलेले सगळे बदल पुसले आणि झाक होती तशी ठेवली.

दुसरी चूक मात्र माझी होती आणि ती मला अजून लागते. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके सॉफ्टवेअरमधल्या डाग पुसणाऱ्या हीलिंग ब्रशने काढता काढता मी काकांच्या उजव्या भुवईवरचा एक फिकट डागही काढून टाकला. हात सवयीने फिरला, विचार केला नाही. फोटो त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "पोरी, फोटो झकास आहे. पण भट्टीचा डाग कुठे गेला? वडिलांच्या हाताखाली बसलो त्या पहिल्या वर्षाचा आहे तो." मी तिथेच त्यांची माफी मागितली. त्यानंतर उरलेल्या सगळ्या फोटोंसाठी एक नियम पाळला: पंधरा दिवसांनी जे चेहऱ्यावर नसेल, म्हणजे पुटकुळी, चिकटलेला धागा, पिठाचा कण, तेवढेच काढायचे. जे पंधरा दिवसांनीही तिथेच असेल, त्याला हात लावायचा नाही.

पण सर्वांत जास्त वाद झाला तो मावशींच्या फोटोवरून. अंकाच्या बैठकीत पाने पडद्यावर लावल्यावर दोघातिघांनी एकदमच सुचवले, "चेहरे जरा उजळ कर ना, काळे दिसताहेत." सूचना करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला माहीत आहे. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमपासून ओळखपत्राच्या फोटोपर्यंत चेहरा गोरा करून देणे ही फोटोवाल्याची साधी सेवा समजली जाते. सॉफ्टवेअरमध्ये ते करायला काही सेकंद लागतात: नारिंगी रंगाची ल्युमिनन्सची, म्हणजे उजळपणाची, पट्टी उजवीकडे सरकवली की बाकी चित्र जागच्या जागी राहते आणि त्वचा तेवढी दुधाळ होते, कारण आपल्या त्वचेचा बहुतेक रंग त्या नारिंगी पट्ट्यातच येतो. मी ते करून पाहिले. पडद्यावर जी बाई आली ती मावशींची कोणी दूरची नातेवाईक वाटली असती.

तरीही सूचना सगळीच चुकीची नव्हती. मावशींचा चेहरा खरोखर अंधारात होता. थर्माकोलने दिलेला उजेड पुरेसा नव्हता. म्हणून मी पट्टीला हात न लावता चेहऱ्याभोवती मऊ कडेचा एक मास्क काढला, म्हणजे तेवढाच भाग निवडला, आणि त्या भागाचे एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने वाढवले. पट्टीने उजळलेली आणि मास्कने उजळलेली अशा दोन्ही प्रती शेजारी ठेवून बैठकीत दाखवल्या. पहिल्या प्रतीत फक्त त्वचा फिकट झालेली होती. कुंकू, कानामागची पांढरी बट, पदराची किनार आधी होती तेवढीच अंधारी राहिली होती. दुसरीत ते सगळे चेहऱ्यासोबत उजळले होते, जसे ढग सरकल्यावर उजळते. खरा उजेड पडला तर तो फक्त कातडीवर पडत नाही, हे दोन्ही फोटो पाहिल्यावर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. त्या दिवसापासून आठही फोटो मी त्याच कसोटीला लावले: चेहऱ्यासोबत कुंकू उजळते का, डोळ्यांतला पांढरा भाग उजळतो का, दाढीचे पिकलेले खुंट उजळतात का.

मग आला छापखाना. रंगीत पाने आठच परवडत होती, म्हणून प्रत्येक फोटोला एक पूर्ण पान मिळाले. ए-फोर आकाराला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे नंतर कापली जाणारी जादा कड, धरून २१६ बाय ३०३ मिलिमीटर, म्हणजे ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) सुमारे २५५१ बाय ३५७९ पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत तेवढे निघतात, मात्र उभा फोटो फार कापून चालत नाही. पहिले प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, हातात आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मावशींचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि काकांचा हंडा मातीचा वाटत होता. छापखान्यातल्या काकांनी शांतपणे सांगितले की दोष माझ्या मॉनिटरचा आहे. मी रात्री पूर्ण ब्राइटनेसवर काम करत होते, त्यामुळे पडद्यावर पुरेसे वाटणारे सगळे कागदावर अंधारे निघणारच. शिवाय आमच्या अंकाचा बिनचकाकीचा मॅपलिथो कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि मधल्या छटा आणखी गडद होतात. तांब्याचा तो पेटता नारिंगी रंग तर छपाईच्या चार शायांत (निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी यलो आणि काळी) पूर्ण बसतच नाही.

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. चित्रपटाकडे वळण्याआधी त्यांनी गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि पुढे छपाईच्या धंद्यातही हात घातला. ही दोन कामे एकाच माणसाने का शिकून घेतली असतील, याचा विचार मी त्या प्रूफकडे पाहताना प्रथमच केला.

मॉनिटरचा ब्राइटनेस निम्म्याहून खाली आणून मी आठही फोटो पुन्हा तपासले. मधल्या छटा कर्व्हने, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या उजेड-अंधाराच्या आलेखाने, थोड्या उजळ केल्या. सावळ्या त्वचेत मॅजेंटापेक्षा यलो किंचित जास्त राहील असे पाहिले आणि सायन कमी केला, कारण तोच वाढला की चेहऱ्यावर राख पसरते. दुसरे प्रूफ मी हट्टाने त्याच कागदावर मागितले, चकचकीत कागदावर नव्हे. त्याचे पैसे जास्त पडले आणि ते वर्गणी काढून भरावे लागले.

अंक आल्यावर एक प्रत घेऊन घाटावर गेले. मावशींनी ओले हात पदराला पुसले, पान उन्हाकडे तिरके धरले आणि बराच वेळ स्वतःच्या चेहऱ्याकडे न पाहता लुगड्याकडे पाहिले. मग शेजारच्या नारळवाल्या आजींना हाक मारून त्यांनी पान दाखवले आणि म्हणाल्या, "बघ, हिरवाच आलाय." काकांना त्यांच्या भुवईवरच्या डागासकट फोटोची वेगळी मोठी प्रत करून द्यायची आहे, ती येत्या रविवारी नेऊन देणार आहे.